जाळीवरचा फलक

या मंडळी, पुढं सरका जरा! खांबाला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि घोरण्याला धरायला आमच्या मृदंगाचार्यांकडं ताल नाही. या — आज गोष्ट सांगतो गाडीतल्या एसीची. हसू नका! आधी मला एक सांगा. माणूस देवाचं करतो, पंगती घालतो, पहाटे काकड्याला उभा राहतो — तरी आतली धग का हो जात नाही? गारवा अडतो कुठं?

ऐका तर.

तापीकाठी केळीच्या बागांमधलं एक गाव. तिथं लोटनअण्णा, सप्ताहाच्या कमिटीचे अध्यक्ष. देवभोळा माणूस, हात सैल. पण एका जागी बूड टेकेल तर शपथ! वाढपी वाढतायत, तरी हे मागं उभे — वरण पातळ का झालं, मीठ कुठं राहिलं. त्यात यंदा अण्णांच्या गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीवरच, फ्लेक्सचा फलक बांधलेला. सप्ताहाचं नाव बारीक, देवाचा फोटो बोटाएवढा, आणि अण्णांचा? परातीएवढा! चारी टोकांना सुतळीच्या पक्क्या गाठी. आठवडाभर अण्णा गावातच फिरले, काचा खाली करून, हात जोडत.

त्याच आठवड्यात त्यांची लेक हर्षाली शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली. नातू! पण दिवस भरायच्या आधीच आलेला, ओंजळीत मावेल एवढा. घरी सोडलं ते नेमकं काल्याच्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वैशाखाचं ऊन आहे, बाळाला झळ लागता कामा नये, उन्हं उतरल्यावर न्या. पण अण्णांच्या डोक्यात काय? काल्याची हंडी फुटायच्या आत नातवाला विणेकऱ्याच्या पायाशी ठेवायचं, साऱ्या गावादेखत! मग संध्याकाळ कशी चालेल? म्हणाले, आपल्या गाडीत एसी आहे.

एसी लावला — आणि भट्टीचं दार उघडावं तसा वारा!

दवाखान्यासमोर शकील मिस्त्रीचं गॅरेज. त्यानं बॉनेट उघडलं, गॅस तपासला, गॅस भरपूर होता. मग तो फलकाकडं बघून म्हणाला, "अण्णा, हे सोडावं लागेल. जाळी बघू द्या."

अण्णा तापले. काल्याआधी फलक उतरत नसतो, तुला जमत नसेल तर तसं सांग! शकीलनं हात पुसले. अण्णांनी गाडी काढली. वाटेत होईल गार म्हणाले.

होतंय कसलं गार? पूल ओलांडला, बागा लागल्या, वारा तापतच चाललेला. अण्णा बटण फिरवतायत, डॅशबोर्डवर चापट्या मारतायत, घड्याळ बघतायत, गाडी बनवणाऱ्याचा उद्धार करतायत! काच उघडावी तर बाहेर वणवा. मागं त्यांच्या मंडळी, द्वारकाबाई, आणि हर्षाली. बाळ रडत होतं. रडत होतं.

मग रडायचं थांबलं.

अण्णांना वाटलं, चला, झोपला. द्वारकाबाईंनी पदराखाली पाहिलं. तोंड लालबुंद, ओठ कोरडे. हर्षालीनं जवळ घेतलं, तर तोंड उघडेना.

"गाडी थांबवा."

"हे काय, आलंच गाव—"

"थांबवा म्हणते ना."

रस्त्याकडेला एक चिंच होती. तिच्याखाली सावली विरळ, त्यात झळा. द्वारकाबाईंनी ओल्या फडक्यानं बाळाला टिपलं, इकडंतिकडं पाहिलं, सरळ गाडीच्या पुढं गेल्या आणि वाकल्या.

अण्णा धावले. "अगं, काय करतेस? त्याच्यावर—"

"तुमचा फोटो आहे. दिसतोय मला." सुतळी त्यांनी दातानं तोडली. "धरा ते टोक."

आणि मंडळी, लोटनअण्णा एका जागी उभे राहिले! दोन्ही हात वर, फलक ताणलेला, खाली लेक आणि नातू. हात भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. तिकडं हंडी फुटली असेल, लोक विचारत असतील, अध्यक्ष कुठं? अध्यक्ष उभे! एकच मागणं — देवा, हा रडू दे.

ओठ हलले. बाळानं दूध ओढलं. आणि मग रडलं हो — असं रडलं, की केळीतले पक्षी उडाले!

सगळी गाडीत बसली. फलक घडी करून डिकीत. गाडी निघाली, अण्णांनी आशा नसताना बटण दाबलं, आणि हाताला गार! गाडी उभी करून ते पुढं गेले. उघड्या जाळीतून वारा आत शिरत होता. गाडीच्या पोटातली धग तिथूनच जाते, तिला बाहेरचा वारा लागतो. आठवडाभर तो वारा अडवून कोण बसलं होतं? परातीएवढे लोटनअण्णा!

ते परत येऊन बसले. द्वारकाबाईंनी विचारलं, "बांधायचा का परत?"

"राहू दे," अण्णा म्हणाले. "तो झोपलाय. हळू जाऊ."

आता मंडळी, मान वर करा. घामाघूम झालात ना? मघापासून पंख्याला नावं ठेवताय ना? वारा येतो नदीकडून — आणि नदीच्या बाजूला मंडपाला काय बांधलंय? स्वागतोत्सुक! सौजन्य! त्यात तुम्हीही आहात, आणि कोपऱ्यात फेटा बांधून मीही आहे. कमिटीनं रागावू नये, पण उठा कुणीतरी. आधी माझा सोडा.

आणि गाठ सुटेना, नखं दुखायला लागली, तर द्वारकाबाईंची आठवण ठेवा.