केस तर पोटातच ठरतात!

...नाही, पण झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा! रविवारी सासूबाई माझ्या चार वर्षांच्या रीनाचं टक्कल करणार. तिसऱ्यांदा! काहून? तर केस विरळ आहेत, वस्तरा फिरवला की दाट येतात म्हणे. अहो, पोरगी आता शाळेत जाते, सगळ्या प्रताप नगरात 'टकली, टकली' होईल तिचं! मी छताकडे बघत पडलेली, शेजारी नवरा घोरतोय... शेवटी मोबाइल उघडला अन् वाचत सुटले.

तर तुम्हाला सांगते, केस तर पोटातच ठरतात! बाळ पोटात असतानाच जनुकं हुकूम सोडतात, कातडीच्या पेशी एकमेकींना निरोप देतात, 'इथं मूळ रोवायचं गं!', आणि तो निरोप पकडायला पेशीला चक्क अँटेना असते, केसासारखी बारीक! म्हणजे बघा, माझ्या पोरीच्या पेशींनासुद्धा केस आहेत, फक्त डोक्यालाच... असो! ती अँटेना बिघडली तर मूळ अर्ध्यातच अडतं. आता वस्तरा फिरणार वरून, मूळ बसलंय खाली, त्याला काय पत्ता?

सकाळी चहा देता देता सासूबाईंना सगळं ऐकवलं. त्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या, म्हणून मुद्दाम म्हटलं, "आई, साडीची बुट्टी मागावरच पडते न? मग धुतल्यानं वाढते का? तसेच केस! पोटातच ठरतात!" काय उदाहरण दिलं, नाही? माझं मलाच कौतुक वाटलं!

त्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "मंग साडी मागावर होती तवा तुहं ध्यान कुठं होतं वं?"

घ्या! केस पोटातच ठरतात, पण पोट कोणाचं? माझं! आणि तीच तर धास्ती... तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, नेमकी ही मुळं रोवली जातात तेव्हा, मी पालकाची भाजी बघून तोंड फिरवायची अन् सदरच्या बाजारात जाऊन पाणीपुरी हाणायची. जनुकं माझी, पोट माझं, पाणीपुरीही माझीच! तरी हिंमत केली. म्हटलं, "चूक माझीच समजा, आई, पण वस्तरा नको."

त्यांनी रिकामी बशी खाली ठेवली अन् म्हणाल्या, "बरं बापा, राहू दे. तुही पोरगी, तुहं तू पाहून घे."

जिंकले हो! लग्नानंतर पहिल्यांदाच! धावत जाऊन रीनाला कवटाळलं, "बाळा, तुझे केस वाचले!"

तर ती म्हणते, "काहून? मले टक्कलच पाहिजे. तू वेणी घालताना लय ओढते!"