गंजातलं काळं

सत्तावन्न सालची गोष्ट. आलापल्लीच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोन बाया बसल्या होत्या. भागीरथेच्या नवऱ्याला डॉक्टरांनी तपासून आत ठेवून घेतलं होतं. शेजारची गुणाबाई तिच्या सोबतीला आली होती.

“काय म्हणे डॉक्टर?” गुणाबाईनं विचारलं.

“गुर्दे बिघडले म्हणे. लघवी होत नाई, म्हणून पाय सुजले. काय खाते, तेही इचारलं. म्यां सांगितलं, अंबाडीची भाजी.”

“तुह्या नव्या जर्मनच्या गंजातली?” तिकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, अन् पातेल्याला गंज.

“हो. गाडगं फुटते, हा फुटत नाई. घासाचंही काम नाई. पाणी तापवलं का आतून काळा पडते. मंग अंबाडी शिजवली का आपोआप पांढरा होते.”

“अन् ते काळं कुठी जाते?”

“कुठी म्हणजे?”

“राखेनं घासलं तर राखेत जाते. तू तर घासतच नाई.”

“भाजीत जात असन.”

“अन् भाजी?”

“सारेच खातो ना बाई. मले काई झालं नाई, पोराईले काई झालं नाई.”

“तुमचं लघवीवाटे निघून जात असन. तुह्या नवऱ्याचं कुठून निघन?”

“म्हणजे माह्या गंजानंच...”

“तसं मी म्हणत नाई. बिमारी कायची, ते डॉक्टरले माईत. मी फक्त इचारून राह्यलो. त्या पिशवीत काय हाये?”

“त्याचा डबा. तोंडाले चव नाई म्हणे, म्हणून आज अंबाडी जास्तच आंबट केली.”

“अन् गंज?”

“आरशावानी निघाला. माह्या कपाळाचं कुंकू दिसलं त्यात.”