शिंकते म्हणून मी आत बसायचं?

मूळ आमचं संगमेश्वरकडचं, पण मी जन्मली कल्याणला आणि लग्न होऊन आली शहाडला. इथल्याच मसाल्याच्या गिरणीत कामाला आहे, वीसेक वर्षं झाली. काय सांगू तुम्हाला, शिंका म्हणजे किती, सुरू झाल्या की पंधरा-वीस, नाक गळतंय, डोळे चोळून चोळून लाल, आणि सगळे बोलायचे मिरची गेली असेल नाकात. मीपण तेच धरून चाललेली.

शिंका परवडल्या, पण घरातलं बोलणं नको. कोणी कामाला निघालं आणि मी शिंकली की सासूबाई त्याला परत बसवायच्या, पाणी पाजायच्या, मग जा बोलायच्या. पुतण्याच्या साखरपुड्याला मोठ्या जाऊबाई हळूच बोलल्या, सुनंदा, तू आतच थांब, ऐन वेळी शिंकलीस तर. बाहेर सगळे फोटो काढतायत आणि मी आत भांडी विसळत बसलेली. तेव्हाच ठरवलं, माझ्या मुलीच्या वेळी हे होऊ द्यायचं नाही.

मुलीनेच, प्राजक्ताने, मला नौपाड्याला नाकाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, गिरण बंद असते त्या दिवशी शिंका थांबतात का. मी बोलली नाही हो, रोज सकाळी उठल्या उठल्याच जास्त. मग कशाची ॲलर्जी आहे ते बघायला हातावर थेंब टाकून टोचलं, आणि थोड्या वेळाने एक जागा गांधीलमाशी चावल्यासारखी फुगली. धुळीतले बारीक किडे, बोलल्या, डोळ्यांना दिसत नाहीत, गादी-उशीत असतात. मिरचीने नाक झोंबतं, पण मूळ तुमच्या अंथरुणात.

ती कापसाची गादी सासूबाईंच्या माहेरची. मी काढून टाकली. आठ दिवस बोलल्या नाहीत, मी बोलली नका बोलू. चादरी गरम पाण्यात, झाडण्याऐवजी ओलं फडकं, गिरणीत मास्क, नाकात रोजचा स्प्रे. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलेलं, मुळापासून जाईलच असं नाही, पण ताब्यात राहील. पंधरा दिवसांत फरक पडला.

प्राजक्ताचं लग्न डोंबिवलीला, हॉलमध्ये. जाऊबाई परत आल्याच, जरा मागे बस ना. तेव्हा मात्र मी मोठ्याने बोलली,

"मी आई आहे तिची. पुढेच उभी राहणार."

आणि मंगलाष्टका चालू असताना आलीच एक शिंक. गुरुजी थांबले, सगळा हॉल माझ्याकडे. मी नाक पुसलं आणि बोलली, चालू द्या गुरुजी.

आता ती ठाण्याला, सुखात आहे. मी स्प्रे घेते, गिरणीत जाते, का सोडू? सासूबाई अजून कोणी निघालं की माझ्याकडे बघतात. बघू देत. देव त्यांना शंभर वर्षं देवो, पण मी काही आत जाऊन बसणार नाही.