व्याह्याच्या हातचा घास

तुम्ही हसता, पण मेल्यावर माणसाले काय ऐकू येते, ते मले विचारा.

वजनापायी माह्या जठराले पट्टा बसवेल हाये. डॉक्टरनं बजावलं होतं, चार घास खायचे, तेही चावून चावून, अन् जेवल्यावर आडवं व्हायचं नाही. लाजेपायी ही गोष्ट मी मलकापूरच्या व्याह्याले सांगितलीच नाही.

त्याच्या घरी रोडग्याचं, म्हंजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचं जेवण होतं. पानावर व्याही म्हणे, "बुवा, एक घास माह्या हातचा!" व्याह्याचा घास नाही म्हणता येते काय? तो गोळा पट्ट्याच्या वरच अडकला. छातीत अशी कळ निघाली, का डोळे पांढरे झाले.

"अटॅक आला!" व्याही ओरडला अन् मले उताणं पाडलं. आंबट पाणी जाळत जाळत नाकापर्यंत आलं. "बसवा बे मले!" म्हणायले गेलो, तर तोंडातून नुसता फेस. तेवढ्यात विहीणबाईनं तोंडात तुळशीचं पान ठेवलं अन् वरून गंगाजल ओतलं!

त्या पाण्यानं सारं उलटून व्याह्याच्या धोतरावर गेलं. कळ थांबली, मी ताडकन उठून बसलो. सारे भिंतीले चिकटले.

मी पट्ट्याचं सांगून राह्यलो, तर व्याह्याचा फोन वाजला. त्यानं तो मलेच देला. कोणीतरी मघाशीच माह्या घरी कळवून टाकलं होतं. तिकून दुसरबीडचा माहा लहान भाऊ रडून राह्यला होता, "दादाले किती वाजता उचलता?"

"अबे, मी जिता हाये!"

तो म्हणे, "दादा, पण आता जीप भरली ना. येऊनच जातो."