किल्ली साहेबांकडे आहे

…नाही, पण मला एक सांगा, आपल्याला लघवीला जायचंय हे सहा पुरुषांसमोर मीटिंगमध्ये मांडायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? नाही ना? माझ्या वहिनीवर आली. आणि वहिनी म्हणजे कुणी लेचीपेची बाई नव्हे, तुम्हाला सांगते, टॉवर क्रेन चालवते ती. ते उंचच्या उंच पिवळं धूड असतं ना, ज्याच्याकडे बघताना आपली मान अवघडते, त्याच्या टोकाला एक काचेची खोली असते, त्यात बसून ही बाई टनावारी लोखंड उचलते आणि खाली ठेवते तेव्हा असं ठेवते, की बाळ झोपलंय आणि त्याला पाळण्यात ठेवायचंय. वरून खाली बघितलं तर माणसं दिसत नाहीत, नुसती हेल्मेटं दिसतात, शर्टाच्या बटणांएवढी. त्या बटणांचा जीव हिच्या हातात. आणि या बाईने सहा महिने दिवसभरात पाण्याचा घोट घेतला नाही. का? तर प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं कुठे?

आता यात लाजायचं कुणी, तुम्हीच सांगा.

बरं, बांधत होते काय माहितीये? प्रसूती रुग्णालय. हो. बायकांचं. सात मजली. प्रत्येक मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहं, नकाशात निळ्या रंगाने दाखवलेली, मी स्वतः पाहिली आहेत. आणि ते बांधायला ज्या बायका येत होत्या, घमेली उचलणाऱ्या, विटा वाहणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, त्यांच्यासाठी काय? तर मागची भिंत. दोघींनी ताडपत्री धरायची, तिसरीने बसायचं. त्यातली सगळ्यात थोरली, तिला सगळ्याजणी मावशी म्हणतात, ती वहिनीला म्हणाली, पोरी, सवय होते. वहिनीला काही ती सवय होईना. आणि गेटवर काय लावलं होतं सांगू? वहिनीचाच फोटो. हेल्मेट घातलेला, हसरा, दोन माणसांच्या उंचीचा, आणि खाली लिहिलेलं, ‘आमच्याकडे उंचीला मर्यादा नाही.’ उंचीला नव्हती हो. आडोशाला होती.

तिने विचारलं नाही असं नाही. अगदी सुरुवातीलाच सुपरवायझरला विचारलं होतं. सुपरवायझर म्हणजे तसा भला माणूस, आवाज चढवणार नाही, पण असले विषय निघाले की त्याचे कान लाल होतात. तो म्हणाला, मॅडम, आजवर कुणी मागितलंच नाही. आणि तुमच्या आधीचे ऑपरेटर वर जाताना बाटली न्यायचे. वहिनी म्हणाली, पाण्याची? तर तो म्हणाला, नाही, रिकामी. झालं. देवाने त्यांना सोय करून पाठवलंय, आपल्याला नाही, त्यात बिचाऱ्या सुपरवायझरचा काय दोष, असं म्हणून वहिनी शिडी चढून गेली. पाणी बंद केलं. सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहासुद्धा सोडला. आईच्या लक्षात आलं. आई म्हणजे माझी आई, तिची सासू, तिने विचारलं, तर हिने सांगून टाकलं, आणि आई काय म्हणाली असेल? आम्ही नाही का जन्म काढले असेच? तुम्हाला सांगते, बायकांचं हे एक मला कळत नाही. आपल्याला काटा टोचला तर दुसरीसाठी तो काढायचा की जपून ठेवायचा?

मग व्हायचं ते झालं. एका दुपारी वरती बसलेली असताना तिला थंडी भरून आली. ऊन रणरणतंय, काचेची खोली तापलीये, आणि ही कुडकुडतेय. हुकाला सळयांचा भारा लटकलेला, खाली चार-पाच बटणं उभी. तिने मला नंतर सांगितलं, की डोळ्यांसमोर दोन दोन हुक दिसत होते, खरा कुठला तेच कळेना. मग तिने काय केलं, तर हुकाकडे बघायचंच सोडलं, वॉकीटॉकीवर सिग्नलवाल्याचा आवाज येत होता तेवढाच धरून ठेवला, डावीकडे, अजून डावीकडे, सोडा, हळू, हळू… आणि भारा टेकला. टेकल्यावर ती म्हणाली, आता मला उतरता येणार नाही. दोन जण वर गेले, कमरेला दोर बांधून तिला उतरवलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय, आणखी थोडा उशीर केला असता तर मूत्रपिंड हातचं गेलं असतं. आणि औषध काय? पाणी. भरपूर पाणी. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, लगेच मोठी बाटली आणली. बाटली आणली, पण प्रश्न तोच राहिला ना? आणि त्या दिवशी आई? वहिनीच्या पायांना तेल लावत बसली नुसती.

बरी होऊन कामावर गेली तेव्हा वहिनी थेट साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे सायटीचे मुख्य. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मीटिंग बोलावली. हीच ती मीटिंग. सहा पुरुष आणि वहिनी. एकाने विचारलं, साधारण दिवसातून किती वेळा लागतं? दुसरा म्हणाला, घरूनच उरकून आलं तर? तिसरा फार हळवा, त्याला त्याची आई आठवली, तो तिच्याच गोष्टी सांगत बसला. मग खर्च, मग जागा, मग पाण्याची लाईन… वहिनी सगळं ऐकत होती. शेवटी ती साहेबांना एवढंच म्हणाली,

“साहेब, ही मीटिंग सुरू झाल्यापासून तुम्ही दोनदा जाऊन आलात.”

मीटिंग संपली. बांधायचं ठरलं.

आणि बांधलं की हो! खोटं कशाला बोलू? पांढऱ्या फरशा, आरसा, दारावर ‘महिला’ अशी पाटी. साहेबांनी फीत कापली, भाषण केलं, आमच्या सायटीवर स्त्री-पुरुष असा भेद नाही, फोटो काढले. मावशी तर आरशात बघून लाजली. म्हणाली, एवढं छान आहे, इथं जायचं तरी कसं? आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर दाराला कुलूप. हे एवढं मोठं. सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, उघडं ठेवलं की कुणीही येतं, घाण होते, किल्ली साहेबांकडे आहे, मागायची आणि जायचं, त्यात काय.

त्यात काय? तुम्ही डोळ्यांसमोर आणा हं. पायाला सिमेंट लागलेली बाई, ऑफिसच्या दारात उभी. आत सगळे टेबलाभोवती. ही म्हणणार, किल्ली पाहिजे. कसली किल्ली? ती… तिकडची. मग एक जण दुसऱ्याला मोठ्याने विचारणार, साहेब, बायकांची किल्ली कुठेय? मग कुणीतरी काळजीने विचारणार, काय हो, बरं नाही का, सकाळी तर तुम्हीच नेली होती ना? दोन दिवसांत सगळ्याजणी पुन्हा ताडपत्री घेऊन भिंतीमागे. तिकडे साहेब पाहुण्यांना सांगताहेत, आपण सोय केली, पण या वापरतच नाहीत, मानसिकता बदलायला हवी. आणि वापरत नाहीत म्हटल्यावर जागा रिकामी, म्हणून आत रंगाचे डबे ठेवले.

आता यात लाजायचं कुणी, तुम्हीच सांगा.

वहिनी चिडली नाही. ती चिडत नाही, हीच तर भीती असते तिची. तिने फक्त डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं ठरवलं. स्लॅबचा दिवस होता. स्लॅब म्हणजे एकदा ओतायला घेतला की मध्ये थांबता येत नाही, अर्धवट वाळला की सांधा राहतो, पुढे जन्मभर गळतो. काँक्रीटच्या गाड्या गेटपासून रांगेत उभ्या, काँक्रीटची प्रत्येक बादली क्रेननेच वर जायची, साहेब घड्याळ बघताहेत. आणि वहिनी वर बसून शांतपणे पाणी पितेय. घोट घोट. थोड्या वेळाने तिने वॉकीटॉकीवर सांगितलं, मी खाली येतेय. आणि नियम असा, की ऑपरेटर खाली म्हणजे क्रेन बंद. सगळं थांबलं. ही शिडी उतरली, ऑफिसात गेली, सगळ्यांसमोर किल्ली मागितली, रंगाचे डबे बाजूला केले, जाऊन आली, किल्ली परत केली, शिडी चढली. पुन्हा पाणी. पुन्हा, मी खाली येतेय. आता गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. तिसऱ्या वेळी ती ऑफिसात गेली, तर साहेब नव्हते. कुणा मोठ्या माणसाला भेटायला बाहेर गेले होते, आणि किल्ली? किल्ली त्यांच्या खिशात.

वहिनी त्या बंद दाराशी गेली आणि पायरीवर बसली. बस, एवढंच. काही घोषणा नाही, काही नाही. सुपरवायझर धावत आला, हात जोडले, मॅडम, तेवढा स्लॅब होऊ द्या, मग काय ते बघू. वहिनी म्हणाली,

“जाते की वर. पण मागच्यासारखे दोन दोन हुक दिसले, तर त्या वेळी हुकाखाली कोण उभं असेल तेवढं आधी सांगा.”

सुपरवायझरचे कान लाल झाले. पण या वेळी, तिने मला सांगितलं, तो तिथून हलला नाही. खाली मान घालून उभा राहिला. मग पलीकडे एक घमेलं जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मावशी आली आणि वहिनीच्या शेजारी बसली. मग दुसरी आली. मग तिसरी. पायरी पुरेना, तशा मातीतच बसल्या. वहिनीला तेव्हा खरंच जोरात लागली होती, पोटात कळ येत होती, पण ती म्हणते, इतकं बरं मला त्या सायटीवर कधीच वाटलं नव्हतं.

साहेब आले. गाडीतून उतरले तेच किल्ली हातात धरून, तरातरा चालत. वहिनीसमोर धरली, म्हणाले, घ्या, मला एक फोन करायचा ना. वहिनीने हात पुढे केला नाही. बोलली ती मावशी. आयुष्यात साहेबांशी पहिल्यांदा बोलत असेल.

“किल्ली ठेवा तुम्हाला. कुलूप काढून द्या.”

साहेबांनी रांगेतल्या गाड्यांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. डबे सुपरवायझरने उचलले, न सांगता. आधी मावशी गेली, मग बाकीच्या, वहिनी शेवटी. स्लॅब संध्याकाळपर्यंत पडला, सांधा राहिला नाही.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं होतं. आठवडाभर छान चाललं, बायकांनी पाळ्या लावून फरशी धुतली, कुणीतरी आरशाखाली फुलं ठेवली. आणि एके दिवशी वहिनी उतरून आली, तर दार आतून बंद. वाजवलं. थांबा, असा आवाज आला. जाड आवाज. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले, रुमालाला हात पुसत, जराही न गडबडता म्हणाले, आमच्याकडचं फार घाण असतं हो, तुम्ही बायका कसं छान ठेवता. आणि त्यांच्या मागे आणखी दोघं रांगेत! आता यात… जाऊ दे. बायकांनी वर्गणी काढली, स्वतःचं कुलूप आणलं, किल्ली मावशीच्या गळ्यात. साहेब एकदा मागायला आले होते म्हणे, मावशीने विचारलं, काय हो, बरं नाही का?

हे सगळं वहिनीने एका रात्री जेवताना सांगितलं. आई हसून हसून बेजार झाली, डोळे पुसत म्हणाली, मला त्या मावशीला भेटायचंय. आणि दादा! दादा तर इतका भारावला, की जेवण ठेवून उठला, मित्राला फोन लावला, म्हणाला, माझ्या बायकोने काय केलं माहितीये, या पुरुषांना कधी अक्कल येणार रे? अभिमानाने ऊर भरून आला होता त्याचा. मलाही बरं वाटलं, म्हटलं, चला, एक तरी घर सुधारलं.

सकाळी बघते तर वहिनी बाथरूमच्या दाराशी उभी. खांद्याला पिशवी, हातात हेल्मेट, कामावर जायची वेळ टळत चाललेली. दादा आत. मोबाईल घेऊन. वहिनी म्हणाली, अहो, आटपा ना. आतून आवाज आला, पाचच मिनिटं. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? मी तिच्या मागे रांगेत होते, आणि आई माझ्या मागे.