इगतपुरी ईशान्येलाच

—चपला बाहेर नको, आत घ्या. आत घ्या हो. जिन्यात ठेवलेल्या चपला जातात इथल्या, मग वरचा मजला खालच्यावर ढकलतो, खालचा वॉचमनवर. हां. बसा. नाही, तिकडे नको, इकडे, मला तोंड दिसेल असे बसा. तर फोनवर काय म्हणालात — रुद्र. आडनाव काही सांगितलं नाहीत. असू दे, मी विचारत नाही. ठाण्याहून आलात, छोट्या आगगाड्यांचा नाद आहे, माझ्या घाटाबद्दल ऐकलं, एकदा बघायचाय. आता ह्यात अडचण अशी आहे की ऐकलं कुणाकडून? इंटरनेटवर? मी एकही फोटो टाकलेला नाही. कुणीतरी टाकला असेल म्हणता — कुणीतरी म्हणजे कोण? ह्या खोलीत आजवर आलेत किती जण, तर सुतार मोतीराम, आमची कुसुम, मुलगी स्वरदा आणि जावई रोहितराव. मोतीरामचा फोन बटणांचा आहे. आणि मुलगी-जावई राहतात कुठे, तर ठाण्याला. तुम्ही आलात कुठून, तर ठाण्याहून. मी काही म्हणत नाही. नुसतं शेजारी शेजारी ठेवून बघतोय.

राग मानू नका. प्रेसमध्ये होतो मी. नाशिकरोडला प्रेस म्हटलं की नोटांचा छापखाना, वर्तमानपत्र नव्हे. रोज सुटताना झडती — डबा उघडून दाखवा, खिसे उलटे करा. अपमान वाटायचा नाही, सवय होते. आता निवृत्त झालो तर मलाच कुणाची झडती घेतल्याशिवाय चैन पडत नाही. कुसुम म्हणायची, तुम्ही घरी आलात पण गेट सोबत घेऊन आलात. म्हणायची म्हणजे म्हणते. आहे ती. ठाण्याला गेलीय मुलीकडे, गुडघ्यासाठी. डॉक्टर तिकडे बरे आहेत म्हणून. द्राक्षं घ्या ना, धुतलेली आहेत. घेत नाही? का? बरं, राहिलं.

चला, दाखवतो. पण आधी एक सांगा — कसाऱ्याला गाडीला जादा इंजिन लावतात, बँकर, ते पुढे लावतात की मागे? मागे. बरोबर. पण ते काय, चार लेकरांना विचारलं तरी सांगतील. इगतपुरीला सोडल्यावर ते जातं कुठे? ... हं. हेही बरोबर. म्हणजे एकतर तुम्ही खरे आहात, नाहीतर कुणीतरी तुमच्याकडून नीट पाठ करून घेतलंय. आमच्या रोहितरावांना हे असलं जमतं, माणसं तयार करणं. त्यांना हा फ्लॅट विकायचाय. तोंडाने बोलत नाहीत, पण कुंभमेळा जवळ आला, जागांना भाव चढलाय, असं दर फोनला एकदा तरी येतंच. बाबा, तुम्ही एकटे एवढ्या मोठ्या घरात — हे वाक्य मी काय ओळखत नाही? आणि तुम्ही आल्या आल्या पहिल्यांदा भिंतींकडे बघितलंत. गाड्यांच्या माणसाने गाडीकडे बघावं. माझं लक्ष होतं.

हा बघा. खोलीभर. त्या दाराजवळ कसारा, तिथून हा असा चढत चढत, हे बोगदे, हा उंच पूल, ही उंट दरी, आणि तो त्या कोपऱ्यात इगतपुरी. खरा घाट हुबेहूब मापात करायचा तर सोसायटीचं पार्किंग पुरलं नसतं, म्हणून मधला चढ आखडलाय. पण वळण एकही गाळलेलं नाही. पॅसेंजरच्या दारात उभा राहून बघून आलोय सगळी, पुन्हा पुन्हा. डोंगर कागदाच्या लगद्याचे. झाडं म्हणजे भांड्यांच्या हिरव्या घासण्या, कातरून. आणि ती माती — ओळखा. हात लावा, हरकत नाही. चहाचा चोथा. कुसुमने गच्चीत वाळवून दिला, डबेच्या डबे. शेजारणी विचारायच्या, वहिनी, हे काय वाळत घातलंय, तर म्हणायची, आमच्या ह्यांचा घाट. म्हणजे तिचा विरोध होता असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते साफ खोटं आहे. कुणी सांगितलंय का? नाही ना. मग ठीक.

आता तुम्हीही तेच विचारणार, सगळे विचारतात — मोतीरामनेसुद्धा विचारलं — की नाना, हे फिरवून का नाही बसवलं, इगतपुरी दाराजवळ आणि कसारा तिकडे? अहो, कसं फिरवणार? खरी इगतपुरी कसाऱ्याच्या कुठे आहे, ईशान्येला. गाडी नैर्ऋत्येकडून चढते आणि ईशान्येला पोचते. नकाशा भिंतीवर टांगायचा तर कसाही टांगा, जमिनीवर मांडला की दिशा खरी पाहिजे. सकाळी ह्या खिडकीतून ऊन येतं ना, ते आधी इगतपुरीवर पडतं, मग दरीत उतरतं. खऱ्या घाटात जसं पडतं तसंच. हे फिरवून बसवलं तर मग खेळणं झालं, घाट कशाला म्हणायचा. तर ह्या घरात ईशान्य कोपरा एकच, आणि त्या कोपऱ्यात देव होते. सागवानी देव्हारा, कुसुमच्या माहेरचा. तिने लगेच हो म्हटलं — लक्षात घ्या, हो म्हटलं. अट एकच, देव ईशान्य सोडणार नाहीत. बरं, म्हटलं, नाही सोडणार. देव्हारा माळ्यावर ठेवला, त्याच कोपऱ्यात वर फळी ठोकली, तीवर देव. खाली इगतपुरी, वर देव. दोघांचीही ईशान्य राहिली. ह्यात मी चुकलो असं मला अजूनही वाटत नाही.

फक्त इगतपुरीचं यार्ड रुंद, त्यामुळे तिला यार्डावर ओणवं होऊन हात पुरवावा लागायचा. पदर सिग्नलमध्ये अडकायचा. दोन सिग्नल मोडले, मी काही बोललो नाही. म्हटलं, पदर खोचून घेत जा. मग पाणी. देवांना अंघोळ घातली की ताम्हणातून थेंब खाली, रुळांवर, आणि रुळांतून वीज खेळते हो, पाणी गेलं की संपलंच. म्हटलं, काही दिवस फूल नुसतं ओलं करून फिरव. तिने ते केलं. मग हळदीकुंकू — कुंकू वरून उडतं, रूळ बदलायच्या पॉइंटच्या सांध्यांत बसतं, गाडी तिथे अडखळते. म्हटलं, गंध लाव, गंध उडत नाही. तेही केलं. मग उदबत्तीची राख. मग निरांजनाचं तूप. मी एकदम सगळं कधीच सांगितलं नाही, एकेक सांगितलं, आणि प्रत्येकाला कारण होतं. तुम्ही यंत्रातले आहात, तुम्हाला पटेल. शेवटी नुसतं हात जोडून बाहेर यायची. तेवढं मी म्हटलं नव्हतं. ते तिचं तिने सुरू केलं.

आणि एक दिवस — मी गाडी चालवत होतो, बँकर सुंदर लागला होता, माझं सगळं लक्ष तिकडे — ती दारात उभी राहून म्हणाली, अहो, खऱ्या इगतपुरीत पाऊस सांडून वाहतो, आणि तुमच्या इगतपुरीत माझे देव पारोसे बसलेत. एवढंच. आवाज चढवला नाही काही नाही. मी म्हटलं, थांब जरा, गाडी बोगद्यात आहे. गाडी बाहेर आली तेव्हा ती बॅग भरत होती. गुडघा म्हणाली. मीही गुडघाच धरून चाललोय. श्रावणात गेली, आता द्राक्षं आली. गुडघा कधीच बरा झाला, स्वरदाने सांगितलं, तलावपाळीला फेऱ्या मारते म्हणे. मी म्हटलं, मार. आपण काही बोलवायचं नाही, आपण काही तिला जा म्हटलं नव्हतं. हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही विचारलंत का? नाही विचारलंत. हे तुमचं असं गप्प बसणं आहे ना, त्याने माणूस बोलत सुटतो. चौकीवर असतात असे काही.

काय बघताय तिकडे वाकून? हात नका लावू. हो, गंजलाय. इगतपुरीचं अख्खं यार्ड गंजलंय, पॉइंट हलत नाहीत, गाडी घाट चढून येते आणि शेवटच्या वळणावर उभी राहते. कसं गंजलं म्हणजे — पाण्याने. पाणी कुठून म्हणजे — वरून. अहो, देवांना अंघोळ कोण घालणार, ती नाही ना इथे. मी घालतो. आधी फूल फिरवून बघितलं, जमेना. ती लंगड्या बाळकृष्णाची एवढीशी मूर्ती हातात घेतली की फूल कसलं फिरवताय, पाणी घालावंसंच वाटतं. मग तांब्याभर घालतो. पहिल्यांदा खाली प्लॅस्टिक अंथरायचो, मग तेही राहिलं. कुंकवाने तो फलाट बघा कसा लाल झालाय. हे तुमच्या त्या आगगाड्यांच्या नादवाल्या मंडळींना सांगायची गरज नाही. आणि ठाण्यात दुसरं कुणी विचारलं तर मुळीच नाही. म्हणतील, आता देवदेव करतोय. मी देवदेव करत नाही. घरात आहेत तर त्यांचं करावं लागतं, एवढंच.

वाजतोय, तुमचा फोन वाजतोय. घ्या की. — कापलात का? नाही, का कापलात? मला वाचता येतं हो, चष्मा डोळ्यांवरच आहे. कुसुम काकू. असं लिहिलं होतं. ठाण्यात कुसुम काकू पुष्कळ असतील म्हणा. असतील ना? बोला.

हं.

म्हणजे तू स्वरदाच्या ऑफिसातला. तरी म्हटलं. पहिल्यापासून म्हणत होतो, शेजारी शेजारी ठेवून बघत होतो. गाड्यांचा नाद खरा आहे म्हणतोस — असेल, बँकरचं बरोबर सांगितलंस. मग पाठवलं कशाला? फ्लॅट बघायला? मापं घ्यायला? रोहितला माहीतच नाही? मग? अरे बोल ना, मघापासून दगडासारखा बसलायस, आता तरी बोल.

देव.

देव न्यायला आलास तू.

फ्लॅटचं असतं तर बरं झालं असतं रे. फ्लॅटसाठी मी भांडलो असतो. वकील दिला असता, जावयाला चार शब्द सुनावले असते. हे मला सुचलंच नाही. तिची कपाटातली लुगडी आहेत, तिची गच्चीतली खुर्ची आहे, मी म्हणायचो, आहे सगळं, येईल. बाईमाणूस मुलीकडे चार महिने राहतं, सहा महिने राहतं, पण देव नेत नाही. देव इथे आहेत तोवर ती राहायला गेलीय. देव नेले की ती इथली नाही. कळतंय का तुला, तू काय न्यायला आलायस? नाही, तुला कसं कळणार, तुला सांगितलं असेल, अमुक खोलीत वरच्या फळीवर आहेत, घेऊन ये. रडली का सांगताना? नाही? नुसतं सांगितलं, भाजी आण म्हणावं तसं? तेच वाईट. रडली असती तर मला काही वाटलं नसतं.

दाखव काय दिलंय पिशवीत. हे तांबडं वस्त्र तिचंच. आणि डबीत — अक्षता. हो, अक्षता टाकल्याशिवाय देव जागचे हलवायचे नाहीत. पोराच्या हातात देऊन पाठवल्या, विसरली नाही. मी फळीवर ठेवले तेव्हा टाकल्या नव्हत्या. तिने विचारलंही नव्हतं, मीही बोललो नव्हतो, पण बघ, माहीत होतं तिला.

देव मी देणार नाही. बस खाली, उठू नकोस. तुझा दोष नाही, पण देणार नाही. अक्षता मात्र ठेव इथे, मला लागतील. आणि रिकामी पिशवी आमच्यात परत पाठवत नाहीत, तेव्हा थांब. तो स्क्रू-ड्रायव्हर दे. तो नव्हे, बारीक. इगतपुरी स्टेशनची ही इमारत चार स्क्रूंवर आहे. — तोंड काय बघतोस माझं, पलीकडून धर. गंजलेत मेले, निघत नाहीत. हां, निघाला. फलाट वेगळा निघतो, त्यावरचं कुंकू पुसू नकोस, तसंच राहू दे. वस्त्रात गुंडाळ. नीट, कौलं पातळ आहेत. यार्ड मी संध्याकाळपर्यंत काढतो, मोतीरामला बोलवून देव्हारा माळ्यावरून खाली आणतो. गाडी घाट चढून मग जाईल कुठे? ते माझं मी बघीन. पुलावर उभी राहील. तुला काय करायचंय.

तिला काय सांगायचं? सांग की — नको, काही सांगू नकोस. गंजाचं नको, अंघोळीचं नको, मी बोललो त्यातलं काहीच नको. पिशवी हातात दे आणि तिला उघडू दे. आणि रोहितला म्हणावं, फ्लॅट विकायचा नाही. त्याला माहीत नसलं तरी म्हणावं.

वाजतोय बघ परत. इथे उचलू नकोस. माझ्यासमोर नको. खाली जा, रस्त्यावर जाऊन उचल. जा आता. सकाळी केलीय, पण मला परत अंघोळ करायचीय, मग देवांना हात लावायचाय.