थेडाच्या गाडीची गळती

आदरणीय अध्यक्ष रीम्ट साथोफ, व्यासपीठावर विराजमान झालेले आणि एरवी दिसले की आपण रस्ता बदलतो ते वाहन तपासनीस श्री. हिल्को विर्ट्येस, आजच्या सत्कारमूर्ती थेडाबाई ओनेन, आणि घरच्या माणसांपेक्षा जुन्या मोटरसायकलींवर जरा जास्तच जीव लावणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

'थेडाबाई' म्हणायची हौस इथेच फिटली. पुढे मी तिला थेडाच म्हणणार. मी बेकरीवाला माणूस. भट्टीतून पाव कधी काढायचा ते मला कळतं, भाषण कधी आवरायचं ते कळत नाही. तेव्हा आधीच सावध करून ठेवतो.

मंडळी, थेडा उद्या सकाळी नॉर्वेला निघते आहे. तिची लेक इन्सा तिकडे बोडोला असते, दिवस भरत आलेत तिचे. थेडा आता कायमची तिकडेच राहणार. आणि जाणार कशावर? नवऱ्याच्या, आपल्या फोक्कोच्या गाडीवर! फोक्को गेला तेव्हा आपल्याला वाटलं, ही गाडी विकणार. हिने साठीत लायसन्स काढलं. इन्सा फोनवर कानीकपाळी ओरडत होती, "आई, विमानाने ये!" हिचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या बापाची गाडी इथे टाकून मी येणार नाही." याला कुणी हट्ट म्हणेल. पण ज्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून सगळा संसार झाला, ती कुणा परक्याच्या शेडमध्ये कशी सोडायची, सांगा बरं?

आणि नेमकी तीच गाडी या वसंतात मागच्या चाकाशी गळायला लागली. साखळीच्या गाड्या चालवणाऱ्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमच्या शाफ्टच्या, म्हणजे साखळीऐवजी फिरत्या दांड्यावर चालणाऱ्या गाड्यांना मागच्या चाकापाशी दातेरी चाकांची एक बंद पेटी असते. तिच्यात गिअर ऑइल. ते पेटीत राहिलं तर ठीक. रबरी सील ओलांडून ब्रेकवर आलं, की ब्रेक दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं!

मग आपल्या क्लबात काय झालं? जे नेहमी होतं तेच. भांडण.

"जुन्या सीलला जुनंच खनिज तेल हवं," अध्यक्ष गरजले. "तुझं ते सिंथेटिक पातळ पाण्यासारखं, गळणारच!"

"तुझं खनिज तेल तू बटाट्याच्या सॅलडवर ओत," हा आपला हाब्बो. "मागच्या पेटीत दातांवर दाब केवढा असतो, ठाऊक आहे का?"

"गिअरबॉक्समधलं पितळ खाऊन टाकतं ते!"

"अरे, पण मागच्या पेटीत पितळ आहे कुठे?"

थेडा म्हणाली, "तुमचं ठरलं की कळवा. तोवर मी पणजी होते."

शेवटी जाड तेल घातलं, गळलं. सील बदललं, तरी गळलं. तेल जास्त झालं असेल म्हणून बुचाच्या भोकाच्या तळच्या आट्याला टेकेल इतकंच ठेवलं, तरीही गळलं. तशात तपासणीचा दिवस आला. हिल्कोने चाकामागे बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "थेडा, माफ कर. या ब्रेकवर मी तुला गल्लीच्या टोकापर्यंतही सोडणार नाही." त्याचं चुकलं नव्हतं, हे मी भर सभेत सांगतो.

त्या दुपारी मी पाव घेऊन तिच्याकडे गेलो. भरलेली बॅग पलंगावर उघडी होती आणि थेडा एकेक स्वेटर पुन्हा कपाटात ठेवत होती. "गाडीलाच जायचं नाही, ओक्को," म्हणाली. "मग मी तरी कशाला?" मला फार वाईट वाटलं. तिकडे लेक वाट बघतेय, इथे ही समुद्राच्या बांधाकाठच्या त्या घरात एकटी. आणि मध्ये काय, तर चमचाभर तेल!

आता आपली खोड सांगतो. जर्मनीच्या या टोकाचा, पूर्व फ्रीसलंडचा माणूस गाडीवरून फेरी मारून आला की आधी चहा. खडीसाखर, वर साय, आणि तीन कप होईपर्यंत कोणी गाडीला हात लावायचा नाही. कपात चमचा उभा केला म्हणजे 'पुरे'. पण तिसऱ्या कपाआधी चमचा ठेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. पुढच्या रविवारी (हिल्को, तू कान बंद कर) आम्ही गाडी नुसत्या पुढच्या ब्रेकवर बांधापर्यंत पळवून आणली, चहाला बसलो. पहिलाच कप संपला आणि थेडाने चमचा उभा केला! रीम्टच्या हातातली किटली हवेतच राहिली. ही उठली, तापलेल्या गाडीपाशी गेली, पान्याने पेटीचं तेलाचं बूच सैल केलं.

फुस्स!

सगळे उठून उभे. पेटीत हवा कोंडली होती. या पेटीला वर श्वासाचं एक बारीक भोक असतं. हाब्बोने तिच्या वाढदिवसाला मोठ्या प्रेमाने पेटीला पावडर कोटिंग करून दिलं होतं, इतकं छान, की त्या भोकावरही रंग बसला. पेटी तापली की आतली हवा तेलाला सीलबाहेर ढकलणार, आणि आमचे तीन कप होईस्तोवर पेटी थंड, हवा गुपचूप. महिनाभर आम्ही तेलावरून डोकी फोडतोय आणि चहा पितोय!

"हाब्बो," थेडा म्हणाली, "तुझी भेट फारच मनापासून होती रे." बिचारा हाब्बो कानापर्यंत लाल झाला.

मग तिने स्वतः सुईने भोक मोकळं केलं, नवं सील बसवलं, ब्रेकचे शू बदलले, पेटीवर टाल्कम पावडर फासली आणि बांधाला फेरी मारून आली. पावडर कोरडी ठणठणीत! हिल्कोने शिक्का मारताना नाक शिंकरलं. सर्दी होती, असं तो म्हणतो.

अध्यक्षांनी एवढा वेळ सहन केलं, त्यांचे आभार. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाच्या तेलाचा अपमान झाला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

एकच राहिलं. काल इन्साचा फोन आला. "ओक्को काका, खरं सांगा. वाटेत गाडी पुन्हा गळायला लागली तर?"

मी म्हटलं, "पोरी, तुझ्या बाबाची गाडी गळली की तो ढकलत माझ्या दारात आणायचा आणि पाव खात उभा राहायचा. तुझी आई रस्त्याच्या कडेला बसेल, दुरुस्त करेल आणि निघेल. तू बाळंतपणाचं बघ. आई येतेय."